‘बौद्ध’ लिहिलं की सवलत जाते?

शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ लिहिला की आरक्षण गेलंच, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. म्हणून घरात बुद्धवंदना आणि कागदावर ‘हिंदू’, अशी दुहेरी ओळख कित्येक कुटुंबं सांभाळत बसली आहेत. ही भीती आज निराधार आहे.

मात्र ती हवेतून आलेली नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंखेरीज इतरांना अनुसूचित जातीत धरलं जात नव्हतं. 1956 मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी दीक्षा घेतली आणि कायद्याच्या नजरेत त्यांची सवलत संपली. महाराष्ट्र सरकारने 1960 मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची दारं बंदच राहिली. एकच माणूस मुंबईत पात्र आणि दिल्लीत अपात्र! अखेर 1990 मध्ये, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात, आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला. तेव्हापासून केंद्रातही हक्क आहे.

खरी मेख जातीच्या रकान्यात आहे. ‘नवबौद्ध’ नावाची जात अनुसूचित यादीत नाहीच. त्यामुळे धर्म ‘बौद्ध’ आणि जात यादीतली मूळची, उदाहरणार्थ ‘महार’, असं लिहावं लागतं. जात सोडायला धर्म बदलला, त्यांना हे खुपतं, आणि ते रास्तच आहे. पण धर्माच्या रकान्यात खोटं लिहायचं कारण उरलेलं नाही. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करतानाही आपण धर्मांतरित बौद्ध आहोत हे सरळ सांगावं.