कृष्णाकाठ आणि जलसंपदा अभियांत्रिकीचे शिक्षण : पार्श्वभूमी

सांगली, कराड, इस्लामपूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य शाखेची मुले जलविज्ञान आणि सिंचन हे विषय शिकतात. त्यातली काही महत्त्वाची सूत्रे आणि उदाहरणे याच खोऱ्यातली किंवा त्याला लागून असलेल्या मुलखातली आहेत. वर्गात ती सुटी सुटी येतात, म्हणून त्यांची मर्यादा कळत नाही. कोणत्या अडचणीतून काय जन्मले, हे एकदा सलग पाहिले पाहिजे.

या शिक्षणाचा आरंभ संशोधनातून झाला नाही, बांधकामाच्या गरजेतून झाला. गंगा कालव्यासाठी माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीला महाविद्यालय निघाले. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी हाताखालचे लोक तयार करणारा वर्ग सुरू झाला. पुढे तोच पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. तेव्हा शिकवायचे ते मोजणी, दगडी बंधारा, कालव्याचा छेद आणि मातीकामाचा हिशोब. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघणारा कृष्णा कालवा १८६०च्या दशकातला. १८७६-७८च्या दुष्काळानंतर माण-खटावकडच्या तलावांना जोर आला. ओढ्यातून वर्षाला किती पाणी येईल, हे मात्र बहुतांशी अंदाजावरच चाले.

अंदाजाला मोजणीचा आधार मिळाला तो विसाव्या शतकात. कालव्याखालच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या, तेव्हा मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सिंचनासाठी एक खास विभाग काढला. आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. पुढे इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणी प्रवाह मोजून १९२९ मध्ये वार्षिक अपधावाची, म्हणजे पडलेल्या पावसातून ओढ्या-नद्यांत वाहून येणाऱ्या पाण्याची, दोन सूत्रे दिली. पाऊस P आणि अपधाव R सेंटिमीटरमध्ये धरल्यास घाटासाठी R = ०.८५P − ३०.५ आणि पठारासाठी R = P(P − १७.८)/२५४.

सातारा जिल्ह्याइतका या दोन सूत्रांचा उत्तम धडा दुसरीकडे सापडणे कठीण. महाबळेश्वरकडे ५५० सेंमी पाऊस धरला तर अपधाव ४३७ सेंमी येतो, म्हणजे पावसाच्या जवळजवळ ८० टक्के. तिथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या, माण तालुक्यातल्या दहिवडीकडे ५० सेंमी धरला तर अपधाव ६.३ सेंमी, जेमतेम १३ टक्के. आता दहिवडीचा पाऊस ४० सेंमीवर आणा. पाऊस घटला २० टक्के, पण अपधाव ३.५ सेंमीवर येतो, म्हणजे ४५ टक्क्यांची घट. माणमधला तलाव एका वर्षी भरतो आणि दुसऱ्या वर्षी कोरडा राहतो, त्याचे गणित या दोन ओळींत आहे. चूक होते ती वापरात. ही सूत्रे वर्षभराच्या पावसासाठी आहेत. एका महिन्याचा किंवा एका रात्रीच्या मुसळधारेचा आकडा त्यांत घातला की उत्तर निरर्थक येते. इंग्लिसच्याच पूरसूत्राचेही तसेच: Q = १२४A/√(A + १०.४), Q म्हणजे पुराचा कमाल प्रवाह, A म्हणजे पाणलोटाचे क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये. १०० चौ.किमी क्षेत्राला ते सुमारे १,१८० घनमीटर प्रति सेकंद पूर देते. पण ते घाटातल्या पंख्यासारख्या पसरट पाणलोटांवरून बसवलेले आहे. माणसारख्या लांबट, कोरड्या खोऱ्याला ते लावले की सांडवा विनाकारण मोठा होतो.

सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आले १९४७ मध्ये. १९५५ पासून त्याला वालचंद हे नाव आहे. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. याच काळात कोयना धरण उभे राहत होते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि या विषयाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागले. दख्खनचे पठार तोवर स्थिर समजले जाई. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या आराखड्यात आडवा भूकंप गुणांक ०.०५ धरला होता, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का धरणाच्या वजनाच्या पाच टक्के. धरणातच बसवलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने सुमारे ०.४९ g त्वरण नोंदवले (g म्हणजे गुरुत्वत्वरण). धरण टिकले, पण माथ्याखाली सुमारे ३६ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा गेल्या. ताण साठला तो धरणाच्या उभ्या छेदाच्या या कोपऱ्यात. भेगा भरून, केबल ताणून आणि पुढे मागच्या अंगाला आधारभिंती बांधून धरण बळकट केले गेले. कोयनेचा तो छेद आज जगभर काँक्रीट धरणाच्या भूकंप विश्लेषणाची कसोटी म्हणून वापरतात. कराडजवळ हजारमाचीला भूगर्भ अभ्यासाची प्रयोगशाळा आणि कोयना परिसरात गोठणे येथे घेतलेले तीन किलोमीटर खोल छिद्र ही त्याच प्रश्नाची पुढची पायरी.

कृष्णेच्या पाणीवाटपाच्या राज्याराज्यांतल्या वादानेही अभ्यासक्रमात भर घातली. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने ७८ वर्षांच्या प्रवाहमालेवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल असे, २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरले आणि महाराष्ट्राला ५६० दिले. ७८ आकडे उतरत्या क्रमाने लावून ५९वा उचलायचा, इतकी ही रीत सोपी आहे. ते आकडे कसे मोजले, हा खरा प्रश्न.

तोच प्रश्न सांगलीच्या पुरात पुन्हा समोर येतो. १९२९ च्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, काढताना वर्गात शिकवतात तो एकच वक्र, Q = C(G − a)^β. यात Q विसर्ग, G पातळी, a विसर्ग शून्य असतानाची पातळी, आणि C व β त्या ठिकाणचे स्थिरांक. सांगलीत तो फसतो. पुलाच्या थोडे खाली हरिपूरला वारणा मिळते, त्याखाली नृसिंहवाडीला पंचगंगा. वारणा फुगली की कृष्णेचे पाणी मागे तुंबते, आणि तीच पातळी कमी विसर्गाला दिसते. शिवाय पूर चढताना आणि उतरताना एकाच पातळीला विसर्ग वेगळा असतो. म्हणून इथे एका मोजपट्टीवर भागत नाही. खाली दुसरी मोजपट्टी लावून दोन्हींमधला उतार धरावा लागतो. प्रत्यक्ष मोजणीत पात्राचे पट्टे असे पाडायचे की एकाही पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये. उथळ पाण्यात वेग ०.६ खोलीवर घ्यायचा, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ खोलीवर घेऊन सरासरी काढायची. पुरात खोली मोजायच्या दोरीचे वजन हलके पडले तर दोरी तिरकी होते आणि खोली प्रत्यक्षापेक्षा जास्त नोंदली जाते. संगणकी प्रतिमानात आणखी एक चूक नेहमीची: काठाबाहेर उसाच्या फडातून वाहणाऱ्या पाण्यालाही नदीपात्राचाच खडबडीतपणा देणे. मग काठावरचा वेग फुगतो आणि पुराची पातळी कमी येते.

आणि १९१६ चा मूळ प्रश्न, पाणथळ जमिनींचा, अजून शेतात आहे. वाळवा, मिरज, पलूसकडच्या खोल काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे पाटपाणी दिल्याने जमिनी क्षारपड आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट) झाल्या. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर काम चालते. उपाय म्हणजे जमिनीखाली साधारण ८० मिलिमीटरचे सच्छिद्र, गाळणी गुंडाळलेले पाइप मीटर-सव्वा मीटर खोलीवर टाकून पाणी नाल्यात काढणे. दोन ओळींतले अंतर हूगहाउटच्या समीकरणाने निघते, पण त्यासाठी जमिनीची जलवाहकता, म्हणजे मातीतून पाणी किती वेगाने झिरपते ते, त्याच शेतात भोक पाडून मोजायला हवी. पुस्तकातला आकडा उचलला तर अंतर चुकते. पाइपाला कुठे उलटा उतार राहिला तर तिथे गाळ बसतो. नाला झुडपांनी आणि गाळाने भरला असेल तर पाइपाचे तोंड पाण्याखाली जाते आणि सारी योजना थांबते. चोपण जमिनीत निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. तिथे नुसत्या पाण्याने सोडियम निघत नाही. त्यामुळे निचऱ्याची आखणी शेतापासून सुरू करून चालत नाही. आधी नाल्याच्या तळाची पातळी घ्यायची, मग उलट्या दिशेने शेताकडे यायचे.