अणुचाचणीनंतर जहाजं धुणारेही पात्र : अमेरिकेतला भरपाईचा अर्ज

25 जुलै 1946 ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांजवळ अमेरिकेच्या चाचणीत पाण्याखाली अणुबॉम्ब फुटला. नंतर खलाशी साबण, कॉस्टिक आणि ब्रश घेऊन जहाजांचे डेक घासत बसले. डॉक्टर असलेले कर्नल स्टॅफर्ड वॉरन यांनी तिथला एक मासा फिल्मवर ठेवून दाखवला. माशातल्या किरणोत्सर्गानेच त्याची आकृती फिल्मवर उमटली होती. मग कुठे 10 ऑगस्टला धुलाई थांबली. म्हणून ‘वडील फक्त साफसफाईला होते’ असं समजून कुणी मागे राहू नये. अमेरिकेच्या 1990 च्या भरपाई कायद्यात, चाचणीतली जहाजं आणि विमानं नंतर जिथे धुतली तिथले कर्मचारीही बसतात.

चाचणी 1 जानेवारी 1963 पूर्वीची, जमिनीखालची सोडून, असावी लागते. आजार यादीतला हवा : फुफ्फुस, थायरॉइड, जठर, स्वादुपिंड वगैरेंचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग), ल्युकेमियाचे बहुतेक प्रकार. किती किरणोत्सर्ग झाला हे सिद्ध करावं लागत नाही, आणि ते योग्यच आहे. मोजणीचे फिल्म-बॅज बिकिनीत बहुतेकांना मिळालेच नव्हते.

सेवेचा पुरावा म्हणजे डीडी-214 किंवा तसाच सेवामुक्तीचा दाखला. 12 जुलै 1973 ला सेंट लुईसच्या, सैनिकांच्या फायली ठेवणाऱ्या अभिलेखागाराला आग लागली आणि 1960 पूर्वी सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सुमारे 80 टक्के फायली जळाल्या. फाइल नाही म्हणून अर्ज सोडू नका. संरक्षण खात्याकडे चाचणीत भाग घेतलेल्यांची वेगळी नोंद आहे, न्याय खातं तिथून पडताळणी करून घेतं. सैनिकांवरची चाचण्यांबद्दलची गुप्ततेची शपथ 1996 मध्येच उठली, तेव्हा आजोबांना आता मोकळेपणाने विचारा : कुठली तुकडी, कुठलं जहाज, कुठला महिना.

सैनिक हयात नसेल तर आधी पती किंवा पत्नी, नंतर मुलं. त्यासाठी मृत्यूचा, विवाहाचा, जन्माचा दाखला लागतो.

जून 2024 मध्ये बंद पडलेली ही योजना 4 जुलै 2025 ला पुन्हा सुरू झाली. रक्कम 75,000 वरून 1,00,000 डॉलर झाली. मुदत 31 डिसेंबर 2027. अर्जाला फी नाही, आणि पहिल्या अर्जावर वकिलाला 2 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना हे जरूर सांगावं. सगळ्यात आधी पॅथॉलॉजी रिपोर्ट मागवा, कारण हॉस्पिटलं जुन्या फायली कायम ठेवत नाहीत.