मोटार-कॅराव्हॅनचे वातानुकूलन

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोटारगाडीचा आतला भाग गाडी उभी असताना थंड ठेवण्याची व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत उष्ण व कोरड्या प्रदेशात अशा गाडीला किती क्षमतेचा एसी पुरतो, याचा विचार सोलापूरच्या हवामानाच्या आधारे केला आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा एसी ही निराळी व्यवस्था असून इंजिन बंद होताच तो थांबतो. त्याचा येथे विचार केलेला नाही.

भारतात अशा गाड्यांसाठी एआयएस–१२४ हे वाहन-उद्योगाचे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये जाहीर केले. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशा फेरीसाठी बहुधा मिनीबस किंवा माल वाहणाऱ्या व्हॅनचा सांगाडा घेऊन त्यावर बॉडी बांधून घेतली जाते.

एकक : एसीची क्षमता बाजारात ‘टना’त सांगतात. हा टन वजनाचा नव्हे. दीड टनाचा एसी छताला पेलेल का, ही शंका अधूनमधून गंभीरपणे विचारली जाते म्हणून हा खुलासा. छतावर बसणारे यंत्र साधारण ३० ते ४५ किलो भरते. एक टन म्हणजे २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता ओढण्याचा वेग. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक) लागतात. त्या हिशेबाने दिवसाला २,८८,००० आणि तासाला १२,००० बीटीयू होतात. वॉटमध्ये हे ३,५१७ भरते.

या एककाच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. एका मतानुसार त्याचे मूळ अमेरिकेतील नैसर्गिक बर्फाच्या व्यापारात आहे. तेथील तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कोलकात्यापर्यंत पोहोचला होता, आणि पुढे यंत्रे आली तेव्हा ‘हे यंत्र रोज किती टन बर्फाचे काम करील’ असे विचारणे गिऱ्हाइकाला सोयीचे होते. दुसरे मत असे की, टन हा मुळात बर्फ बनवण्याच्या कारखान्यांतील उत्पादनाचा आकडा होता. ही दोन मापे एक नाहीत. बर्फ बनवायचा तर आधी पाणी शून्य अंशापर्यंत उतरवावे लागते, शिवाय वाटेत गळती होते. त्यामुळे रोज एक टन बर्फ पाडणाऱ्या यंत्राची वितळणाच्या मापातली क्षमता एक टनापेक्षा बरीच जास्त असावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यंत्रांच्या जाहिरातींत हा घोळ होता असे दिसते. वितळणाचा आकडाही स्थिर नव्हता. पौंडाला सुमारे १४२ बीटीयू धरून दिवसाला २,८४,००० असा हिशेब जुन्या ग्रंथांत आढळतो. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, तो धरला तर तासाला १३,४४० बीटीयू येतात. साधारणपणे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी अभियंत्यांनी १२,००० हा आकडा पक्का केला. आजच्या व्याख्येत बर्फ वितळण्याचाच हिशेब उरला असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. छतावर बसवायची अमेरिकी धाटणीची यंत्रे आजही १३,५०० आणि १५,००० बीटीयू अशा आकड्यांनी विकली जातात. ती अनुक्रमे १.१२ व १.२५ टनांची होत.

उष्णताभार : घरासाठी १०० ते १२० चौरस फुटांना एक टन हा ढोबळ नियम दुकानात ऐकायला मिळतो. गाडीला तो लावला की फसगत होते, कारण खोलीला शेजारच्या खोल्या असतात, जाड भिंती असतात. गाडीला सहाही बाजूंनी पत्रा आणि बाहेर ऊन. उदाहरणादाखल आतून ६ मीटर लांब, १.९ मीटर रुंद व १.९ मीटर उंच गाडी घेऊ. तळ ११.४ चौ. मी., म्हणजे सुमारे १२३ चौ. फूट; घरच्या नियमाने एक टन पुरायला हवा.

सोलापूरची मे महिन्यातील दुपार ४२° से. आणि आत २६° धरू. छताला लागणारी उष्णता हवेच्या तापमानावर नव्हे, तर सौर-वायू तापमानावर (हवेच्या तापमानात उन्हाचा परिणाम मिळवून येणाऱ्या आकड्यावर) ठरते: पांढऱ्या पण धूळ बसलेल्या छताने ऊन तीस टक्के शोषले, तरी ४२° ची हवा छताच्या दृष्टीने ५७° ची होते. गडद रंगाचे छत नव्वद टक्के शोषते. तेथे हा आकडा ८७° वर जातो. पत्रा व अस्तर यांमध्ये २५ मिमी फोम नीट भरला असेल, तर लोखंडी फासळ्यांतून होणारी गळती धरून उष्णतेचे वहन दर चौ. मी. दर अंशास सुमारे २ वॉट होते. नुसता पत्रा असेल तर ६. पांढऱ्या व फोम भरलेल्या गाडीचा हिशेब असा लागतो: छतातून सुमारे ७०० वॉट, बाजूंच्या २६ चौ. मी. पत्र्यातून ११५०, तापलेल्या रस्त्यावरच्या तळातून ४५०, पडदे ओढलेल्या ४ चौ. मी. खिडक्यांतून ८५०, चालकाच्या काचेकडून ३००, चार माणसांचे ४८०, दारा-फटींतून येणाऱ्या हवेचे १६०, फ्रिज व दिव्यांचे १५०. बेरीज सुमारे ४,२५० वॉट, म्हणजे १.२ टन. फोम न भरलेल्या त्याच गाडीत छत २,१०० वर, बाजू ३,४०० वर आणि तळ ७०० च्या आसपास जाऊन बेरीज ८,२०० वॉटच्या घरात, म्हणजे २.३ टनांवर पोहोचते. फोम आणि मजुरीचा खर्च टाळून मोठा एसी घेणाऱ्याला पुढे मोठा जनरेटर, मोठी बॅटरी आणि डिझेल यांचाही खर्च येतो, म्हणून क्षमता ठरवण्याआधी बॉडी बिल्डरकडून अस्तराच्या आत काय भरले आहे ते उघडून पाहावे. ग्लासवूल असेल तर ते धक्क्यांनी खाली बसते आणि खिडकीवरचा वीतभर भाग रिकामा राहतो. तेथे दुपारी हाताला चटका जाणवतो.

या बेरजेत शेगडी नाही. गॅसची एक शेगडी पेटली की दीड ते दोन किलोवॅट भर पडते. अशा दुपारी स्वयंपाक बाहेर, मागच्या दाराशी करणे बरे.

सूर्याची स्थिती : सोलापूरचे अक्षांश सुमारे १७.७° उ. असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये ही वेळ घड्याळाप्रमाणे साडेबाराच्या थोडी अलीकडे असते. या काळात गाडी कशीही वळवली तरी छत वाचत नाही. दोन तारखांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेची बाजू सावलीची हा नेहमीचा समज तेवढ्यापुरता लागू पडत नाही. खरा उपयोग दुपारनंतर होतो: गाडीचे तोंड पूर्वेला ठेवले तर कमी काचेची मागची बाजू पश्चिमेच्या उन्हाला लागते. मोठी काच बाहेरून झाकावी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. छतापासून वीतभर उंच बांधलेली हिरवी जाळी किंवा ८–१० सेंमी फट ठेवून बसवलेले सौर पॅनेल हे दोन्ही छताचा भार जवळजवळ निम्म्यावर आणतात. कडुनिंबाची सावली फुकट तेच काम करते.

यंत्राची निवड : पाटीवरची क्षमता बहुधा बाहेर ३५° से. असताना मोजलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकात याला टी–१ म्हणतात. टी–३ ही अट ४६° ची आहे. सोलापूरच्या मेमध्ये छतावरच्या कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) मिळणारी हवा सावलीतल्या हवेपेक्षा तापलेली असते, म्हणून टी–१ आकड्यातून १० ते १५ टक्के वजा करावेत. वरच्या उदाहरणात १.२ चे या हिशेबाने १.४ होतात आणि निवड दीड टनावर येते. फोम नसलेल्या गाडीला २.७ पर्यंत लागतात. यंत्रात फिरणाऱ्या शीतक वायूचाही फरक पडतो: आर–४१०ए या वायूचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायूचा द्रव होत नाही ते) सुमारे ७१°, आर–३२ चे ७८°. कंडेन्सर साठ अंशांच्या आसपास गेला की पहिला वायू त्या मर्यादेच्या अधिक जवळ येतो आणि क्षमता लवकर ढासळते.

जास्तीचा मोठा एसी घेणेही योग्य नव्हे. आषाढीला पंढरपूरच्या ‘६५ एकर’ या वारकरी तळावर गाडी लावली, तर हवा तिशीतली पण दमट असते. मोठा साधा एसी पाच मिनिटांत थंड करून बंद पडतो, ओल मात्र हवेत राहते. अंथरूण चिकट लागते. कंप्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर एसीत हा दोष कमी आहे. दोन टनांच्या वर गरज असेल तेथे एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान बसवावीत. एक बिघडले तर रात्र निभते.

घरगुती स्प्लिट एसी स्वस्त म्हणून बसवले जातात. ते हादऱ्यांसाठी बनलेले नसतात. तांब्याच्या नळीचा फ्लेअर (नटाने आवळलेला) जोड काही हजार किलोमीटरांत सुटतो. नळीला दोन वेढे देऊन शक्य तेथे जोड ब्रेझ करावा, म्हणजे धातू वितळवून पक्का करावा. बाहेरचा भाग तळाखाली लावल्यास सायलेन्सरची गरम हवा आणि रस्त्याची धूळ तोच ओढतो.

वीज : अमेरिकी बनावटीचे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचे यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून येथे चालवू नये, ५० हर्ट्‌झवर कंप्रेसर हळू फिरतो व तापतो. दीड टनाचा साधा एसी धावताना सुमारे ८ आणि सुरू होताना क्षणभर ४० अँपिअर घेतो. ढाब्यावरून १.५ चौ. मिमी तांब्याची ३० मीटर वायर ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध ०.७३ ओहम होतो. धावताना ६ व्होल्ट पडतात, त्याचे काही वाटत नाही. सुरू होताना मात्र २९ पडतात. ढाब्याची लाइन आधीच २०० वर असेल तर कंप्रेसरला १७१ मिळतात, तो गुरगुरतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. ४ चौ. मिमी वायरीने हीच घट ११ व्होल्टवर येते.

बॅटरीवर रात्र काढायची तर इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॉट घेईल असे धरून आठ तासांना ४.८ आणि रूपांतरातील घट मिळवून सुमारे ५.४ किलोवॅट-तास लागतात. २४ व्होल्ट, २८० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी हे पेलते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या निम्म्याच वापरायच्या तर सहा लागतात, आणि त्यांचे वजन ३०० किलोंवर जाते. ३३० वॉटचे चार पॅनेल उन्हाळी दिवसात साधारण ५ किलोवॅट-तास परत भरतात. जनरेटर निवडताना उंची (सोलापूर साडेचारशे मीटरांहून थोडे अधिक) आणि उष्णता मिळून पाटीवरच्या आकड्यातून ८–१० टक्के सोडावेत. त्याचा धूर खिडकीखाली सोडू नये; झोपताना जनरेटर चालू ठेवायचाच असेल तर आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अनिवार्य मानावा.

कूलर : एप्रिल-मेमधील कोरड्या दुपारी ओल्या फुग्याचे तापमान (पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जेथवर थंड होऊ शकते ती मर्यादा) २२–२३° च्या आसपास राहते, तेव्हा चांगल्या पॅडचा कूलर ४२° ची हवा २६–२७° ला आणू शकतो, तेही २०० वॉटच्या आत. अट दोन: खिडकी उघडी हवी, आणि तासाला सुमारे १० लिटर पाणी हवे. बोअरचे पाणी वापरले तर पॅडवर क्षार धरून हवा अडते. जूनमध्ये मृगाच्या सरी पडल्या की कूलर निरुपयोगी होतो.

दोष : ‘एसी गार करत नाही’ ही तक्रार बहुधा दुपारी तीनची असते. दिवसभर बंद उभ्या गाडीत गाद्या, प्लायवूड, कपाटे पंचावन्न अंशांवर तापलेली असतात. पाचशे किलो सामान २७° वर आणायला सुमारे २१ मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. भार सांभाळून एक किलोवॅट शिल्लक असेल तर त्याला जवळजवळ सहा तास. म्हणून आधी दहा मिनिटे सगळी दारे उघडून छताचा पंखा चालवावा, किंवा एसी सकाळी नऊलाच सुरू करावा.

गॅस कमी असल्याचे निदान मिस्त्री फार घाईने करतात. आधी आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक ८ ते १२° असेल तर यंत्र ठीक आहे आणि दोष भाराचा आहे. फरक कमी असेल तर कंडेन्सरच्या पातळ पात्यांमधली धूळ पाहावी. उसाच्या हंगामानंतर ती आठवड्याला धुवावी लागते, आणि पाण्याचा फवारा आतून बाहेर मारावा. त्यानंतर छतावरच्या यंत्राची आतली जाळी काढून थंड हवेचा कप्पा आणि परतीचा कप्पा यांमधली पट्टी तपासावी. ती सुटली असेल तर थंड हवा खोलीत न येता थेट यंत्रात परत जाते, थर्मोस्टॅट फसतो आणि कंप्रेसर लवकर बंद होतो. ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने ही फट बंद होते.