पिंपलची कॅप्सूल आणि बासमतीचा वास

जानेवारीतली गोष्ट आहे. रविवारी दुपारी बेळगावच्या वडगावात अक्काकडं जेवायला गेले होते, येळ्ळूरच्या शेतातला बासमती शिजत होता, आणि आमच्या भागातला बासमती ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको, दारात चप्पल काढतानाच कळतं आज चुलीवर काय आहे ते. भाची पानावर बसली, आमटी घालून भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मावशी, भाताला वासच नाही गे." अक्का म्हणाली तांदूळ त्याच पोत्यातला आहे, काही बदललेलं नाही. मग पोरीनं हळूच सांगितलं की चार-पाच दिवस असंच होतंय, चहाचा वास नाही, साबणाचा नाही, हे सगळं पिंपलच्या कॅप्सूलमुळं आणि उद्यापासून ती कॅप्सूल बंद करणार.

मी मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभी असते, ही कॅप्सूल रोज हातातून जाते. ओठ फुटले, डोळे कोरडे पडले, नाकातून रक्त आलं हे नेहमी ऐकते. पण वास गेला म्हणून सांगणारे कमी, आणि सांगितलं तर लोक म्हणतात मनाचे खेळ आहेत. मला ते पटत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला जेवण नकोसं झालं तर त्यामागं काय आहे ते नीट बघायलाच पाहिजे, म्हणून त्या आठवड्यात मी जे वाचलं, जे आधीपासून माहीत होतं ते सगळं एकत्र लिहिते आहे.

औषधाचं नाव आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९८२ साली ह्याला मंजुरी मिळाली, तीसुद्धा साध्या पिंपलसाठी नाही, खोल गाठी येणाऱ्या आणि दुसऱ्या कशालाच दाद न देणाऱ्या मुरमांसाठी. हे म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, गाजरातून, शेवग्याच्या पाल्यातून शरीर जे अ जीवनसत्त्व बनवतं त्याच घराण्यातलं. चेहऱ्याच्या कातडीत तेल बनवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, हे औषध त्या ग्रंथींना आक्रसून टाकतं, तेल कमी झालं की भोकं तुंबत नाहीत आणि त्या तेलावर जगणारे जंतूही कमी होतात. म्हणून गुण येतो, आणि खरंच येतो, चेहरा झाकून कॉलेजला जाणाऱ्या पोरी सहा महिन्यांनी ओढणी खाली घेऊन बोलताना मी बघितल्यात.

पण कोरडेपणा फक्त गालावर थांबत नाही. ओठ तर जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात आणि नाकाच्या आतलं अस्तरही सुकतं, त्यात आमच्याकडं जानेवारीची हवा, पहाटे गारठा आणि दुपारी कोरडं ऊन, मग नाकात खपल्या धरतात आणि बोट घातलं की रक्त.

आता वासाचं यंत्र कुठं असतं ते बघू. नाकपुडीच्या तोंडाशी नाही. नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या छताला, साधारण डोळ्यांच्या पातळीला, दोन्ही बाजूला नाण्याएवढी कातडी असते, वास घेणाऱ्या मज्जापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, फक्त तिथंच. त्या पेशींचे केसासारखे धागे शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले असतात. शेंबूड म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण तो थर नसेल तर वास नाही, कारण हवेतून आलेला कण आधी त्या ओलाव्यात विरघळतो आणि मगच पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे वासाचा कण पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो. माणसाकडं असे ग्राहक जवळपास ४०० प्रकारचे आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल ह्यांनी १९९१ साली त्या ग्राहकांची जनुकं शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

बासमतीचा वास ज्या रेणूमुळं येतो त्याचं नाव टू-असिटाइल-वन-पायरोलिन. मक्याच्या लाह्या फुटल्यावर जो वास येतो त्यातही तोच आहे. भातातला हा रेणू शास्त्रज्ञांनी ओळखला तेही १९८२ सालीच, म्हणजे पिंपलचं औषध बाजारात आलं त्याच वर्षी, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. पाण्यात अब्जात एखादा भाग असला तरी नाकाला तो कळतो, इतकं नाक तयार आहे. पण वरच्या छतापर्यंत हवाच पोचली नाही, मधे खपली आडवी आली किंवा तो ओला थर आटला, तर कितीही तयार नाक असलं तरी काय करणार.

म्हणून मी भाचीला पहिलं सांगितलं ते हे, की नाक कोरडं पडणं आणि वासाची नस जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट ह्या कॅप्सूलनं सर्रास होते आणि सुधारते. दुसरी होते का, हाच खरा प्रश्न, आणि इथं उत्तर थोडं उलटं निघतं.

वासाच्या मज्जापेशी शरीरातल्या बाकीच्या बहुतेक मज्जापेशींसारख्या जन्मभराच्या नाहीत. त्या थेट हवेला उघड्या, धूळ, धूर, सर्दीचे विषाणू सगळं त्यांच्यावर येतं, त्यामुळं त्या मरतात आणि खालच्या थरातल्या मूळ पेशींपासून नव्या बनत राहतात, आयुष्यभर. ह्या नव्या पेशी तयार व्हायच्या कामात रेटिनोइक आम्ल लागतं, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीर जे बनवतं ते, आणि आपल्या कॅप्सूलमध्ये त्याचाच जुळा भाऊ आहे. अ जीवनसत्त्व देऊन गेलेला वास परत आणायचे प्रयत्न १९६२ पासून नोंदलेले आहेत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल ह्यांच्या टीमनं सर्दी-तापानंतर वास गेलेल्यांना नाकात अ जीवनसत्त्वाचे थेंब दिले, सोबत रोज वासाचा सराव, म्हणजे ठरावीक वास लक्ष देऊन हुंगायचे, तर नुसता सराव करणाऱ्यांपेक्षा थेंबवाले जास्त सुधारले, ते २०१७ साली छापून आलं. त्याआधी पोटातून गोळी देऊन बघितली होती तेव्हा मात्र फरक दिसला नव्हता.

मग पिंपलच्या पेशंटचं काय? तुर्कस्तानातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांची वास ओळखायची टेस्ट औषधाआधी आणि नंतर घेतली, तेही २०१७ चंच, आणि निकाल असा की वास बिघडला नाही, उलट थोडा सुधारला. पेशंट पन्नासच्या आतले, त्यामुळं मी ह्यावर फार उड्या मारणार नाही, टेस्ट दुसऱ्यांदा देताना माणूस सरावतोही. दुसऱ्या बाजूला, १९९६ साली ब्रिटनच्या एका त्वचारोगाच्या जर्नलमध्ये ह्या औषधानंतर चव गेल्याची केस आहे, आणि उंदरांना हे औषध दिल्यावर मेंदूच्या एका भागात नव्या मज्जापेशी कमी बनल्या असं २००४ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे रेटिनोइक आम्ल मीठासारखं आहे, कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी. सगळं एकत्र धरून माझं मत असं की हे औषध सरसकट वासाची नस मारतं असं म्हणायला आधार नाही, पण एखाद्याला त्रास होणारच नाही असं म्हणणंही चूक.

आता घरी काय केलं ते सांगते. अक्कानं आधी विक्स हुंगायला दिलं, पोरगी म्हणाली कळतंय की, तर अक्का म्हणाली मग नाक चांगलं आहे. हे बरोबर नाही. विक्सचा गारवा, मिरचीची खाट, अमोनियाचा झणका हे वासाच्या नसेनं कळत नाही, चेहऱ्याच्या दुसऱ्या नसेनं कळतं, वास पूर्ण गेलेल्या माणसालाही विक्स झोंबतं. म्हणून मी कॉफी पावडर, लवंग आणि वेलची तीन वाट्यांत घेतली, तिचे डोळे झाकले, एक नाकपुडी बंद करून एकेक वाटी धरली. डावीकडून तिन्ही ओळखले, थोडं उशिरा. उजवीकडून एकच, लवंग. टॉर्च मारून बघितलं तर उजव्या नाकपुडीत दुभाजकाला चिकटून ही एवढी तपकिरी खपली.

मग फ्रिजमधला कुंदा काढला, दूध आटवून करतात ती मिठाई. हा प्रयोग कुणीही करून बघा. नाक चिमटीत घट्ट दाबायचं आणि कुंद्याचा तुकडा जिभेवर ठेवायचा, फक्त गोड लागतं, साखरेचं पाणी आणि रवाळपणा, बस. चावता चावता नाक सोडायचं, आणि एकदम आटलेल्या दुधाचा तो खरपूस स्वाद, वेलची, सगळं घशामागून वर येतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंच काही असं मागच्या दारानं नाकात जातं. भाचीनं नाक सोडलं, दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "आलं. थोडं आलं." अक्काच्या डोळ्यात पाणी.

एक गोष्ट मधेच सांगते, निपाणीचा एक मुलगा औषध न्यायला येतो, त्याचीही हीच तक्रार होती, घर तंबाखूच्या वखारीला लागून. मी विचारलं तंबाखूचा वास येतो का, तर म्हणाला तो तर मला कधीच येत नाही. निपाणीत पाहुणा बसमधून उतरला की त्याला पहिला तंबाखूच कळतो, पण तिथंच राहणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावून गप्प बसतं, त्यात वखारीची धूळ आणि बारा महिने चोंदलेलं नाक. त्याला मी त्वचेच्या डॉक्टरांकडं नाही, आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं.

भाचीला सोमवारी तिच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कॅप्सूल बंद केली नाही, डोस थोडा कमी केला, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा आणि नाकाला लावायचं जेल दिलं, खपली ओढायची नाही म्हणून बजावलं. सोबत वासाचा सराव. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक वास काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचा, ही पद्धत जगभर वापरतात, किमान १२ आठवडे. कंटाळा येतो पण खर्च काही नाही.

आणि काउंटरवर रोज जे सांगते ते इथंही कळकळीनं सांगते. ही कॅप्सूल मैत्रिणीच्या स्ट्रिपमधली घ्यायची नाही. ह्या औषधावर असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून कोर्स चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहणार नाही ह्याची काळजी घ्यायचीच, आणि तेवढाच काळ रक्तदानही करायचं नाही, पोरं असोत की पोरी, कारण ते रक्त कुणा गरोदर बाईला जाऊ शकतं. वास कमी झाला म्हणून वरून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या अजिबात नकोत, दोन्ही मिळून विषबाधेसारखा त्रास होतो. पिंपलसाठीच देतात ती डॉक्सिसायक्लिन ह्याच्याबरोबर घ्यायची नाही, डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढू शकतो. जोराचं डोकं दुखून नजर अंधुक झाली तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्सिसायक्लिननंतर वास गेल्याची केसही १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातून आली होती, म्हणून वास गेला तर आपण कुठली कुठली औषधं घेतोय ती सगळी डॉक्टरांना दाखवायची, फक्त एकाच कॅप्सूलला धरून बसायचं नाही.

भाचीचं म्हणाल तर दहा-बारा दिवसांत उजवी नाकपुडी मोकळी झाली. ओठ अजून फुटतात. कोर्सचे दोन महिने राहिलेत, लवंगेची वाटी तिच्या उशाशी असते, आणि गेल्या रविवारी भात शिजत असताना ती आतल्या खोलीतून ओरडली, "आई, खाली लागतंय बघ!" खरंच बुडाला लागायला सुरुवात झाली होती, अक्काला आणि मला कळायच्या आधी तिला कळलं.