बंबाला 'पुरे' कळत नाही

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरी मोरीत अजून तांब्याचा बंब आहे. जानेवारीत धुकं दाटलं, पारा चार-पाच अंशांवर उतरला आणि त्यात वीज गेली, की गीझरला कोण विचारतो? टालेवरून (पुण्याकडे जिला वखार म्हणतात) आणलेल्या ढलप्या बंबात पडतात. आजीचा दंडक एकच होता: "काढाल तेवढं पाणी लगेच ओता, नाहीतर डाख निघेल!"

आजीचं विज्ञान पक्कं होतं. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. पाणी आहे तोवर ते उष्णता ओढून घेतं, तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. ते संपलं की सांध्यांतला कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच पातळ व्हायला लागतो. विस्तव मात्र आपला जळतच असतो.

थंड देशांत तळघरात बसवलेला लाकडाचा किंवा कोळशाचा बॉयलर म्हणजे याच बंबाचा थोरला भाऊ. त्याचं पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ धातूच्या पट्ट्यांत, फिरतं आणि घर ऊबदार ठेवतं. शेजारी बहुधा तेलाचा बॉयलर. १९७३ च्या तेलसंकटात काही महिन्यांत तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले आणि अनेकांना पुन्हा लाकूड आठवलं.

पण या दोघांचा स्वभाव जुळत नाही. तेलाचा बर्नर थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर पेटतो आणि विझतो. लाकडाची हवा कोंडली तर ते विझत नाही, धुमसतं. मग अर्धवट जळलेला धूर थंड धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या दिवशी तोच थर पेट घेतो. शिवाय अशा धुमसण्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपणाऱ्यांचा जीव घेणारा वायू हाच. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो.

यावरचा तोडगा म्हणजे मोठी, जाड आवरण घातलेली पाण्याची टाकी. लाकूड भडभडून जाळायचं आणि उष्णता पाण्यात साठवायची. १००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवलं की त्यात १६८ मेगाज्यूल उष्णता मावते, म्हणजे साधारण ११ किलो सुक्या लाकडाची. लाकूड सुकंच हवं. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याचं निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं आणि ते उडवण्यातच बरीच आग खर्ची पडते. सुकं लाकूड किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल देतं, असं ओलं जेमतेम ८; तेल मात्र ४२ च्या आसपास. रात्री टाकी ठरावीक तापमानाखाली गेली की तेलाचा बर्नर आपोआप सुरू होतो. घरच्यांना उठावं लागत नाही.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. बर्नर गप्प बसतो, पण पंपही थांबतो, आणि लाकूड तर जळतंच आहे. बॉयलरमधलं पाणी उकळलं तर लिटरभर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. म्हणून एक वाट बिनपंपाची ठेवतात. तिच्यावरची झडप विजेच्या जोरावर मिटलेली असते. वीज गेली की उघडते. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून वर चढतं, वरच्या रेडिएटरांत निवतं आणि खाली परततं. दाब वाढलाच तर सुटका करायला सुरक्षाझडप असतेच.

आमच्या बंबाला यातलं काहीच नाही. वरचं झाकण सैल आहे, वाफ मोरीभर पसरते आणि अंघोळीला थंडी वाजत नाही.