एक नंबर आणि तीन नंबर: प्रॉप दोन, खांदे वेगळे

मोबाइलवर रग्बी बघणारी मंडळी आता आमच्या तालुक्यातही भेटतात, याचा मला आनंद आहे. पण स्क्रम लागला, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी चेंडूसाठी वाकून खांदे भिडवून एकमेकांना रेटू लागले, की एक वाक्य हमखास कानावर येतं. पुढच्या रांगेत दोन टोकांना असलेले दोन जाडे म्हणजे प्रॉप, दोघांचं काम सारखंच. मागे एका स्पर्धेत निवड करणाऱ्या गृहस्थांनीच मला सांगितलं, "दोघंही जाडेच हायेत ना सर, कोनालेही कोठंही उभं करा." आणि त्यांनी माझ्या संघातल्या पोरांच्या जागा बदलल्या. दुसऱ्याच स्क्रमला उजवीकडे गेलेला पोरगा खाली बसला, मान धरून. आठ दिवस त्याला मान वळवता आली नाही. तेव्हापासून हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही.

एक नंबर, म्हणजे लूजहेड, तुम्हाला ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेचा तेंदाई म्तावारिरा, ज्याला सगळे 'बीस्ट' म्हणतात, तो याच जागेचा. स्क्रमच्या डाव्या टोकाला उभा, डोकं बाहेरच्या बाजूला मोकळं, फक्त उजवा खांदा समोरच्याला भिडलेला. मोकळ्या डोक्यामुळे त्याला कोन बदलता येतो, समोरच्याच्या छातीखाली शिरून त्याला उचलता येतं. एवढं पुरे.

आता तीन नंबर, टाइटहेड. सगळा घोळ इथे आहे.

त्याचं डोकं मोकळं नसतं. समोरच्या संघाचा लूजहेड आणि हुकर (दोन प्रॉपच्या मधला, पायानं चेंडू मागे ओढणारा गडी) या दोघांच्या मधल्या फटीत ते अडकलेलं असतं. म्हणजे दोन्ही खांदे भिडलेले. उजव्या खांद्यावर लूजहेड, डाव्यावर हुकर. एक माणूस दोघांचा भार घेतो. मागून त्याच्याच संघाचे लॉक आणि फ्लँकर, म्हणजे पाठीमागचे गडी, त्याला पुढे लोटत असतात, त्यामुळे मागे सरकायलाही जागा नाही. पकडसुद्धा वेगळी. लूजहेडचा डावा हात आतून जातो, टाइटहेडचा उजवा हात त्याच्यावरून, बाहेरून. समोरचा खालून उचलायला बघतो, याला पाठ सपाट आणि कंबर खाली ठेवून त्याला दाबून धरायचं असतं. कंबर वितभर वर आली की संपलं. अंग वळवून आत हुकरकडे घुसला तर पंच पेनल्टी देतो.

लूजहेडनं चांगलं काम केलं की समोरचा माणूस उचलला जाताना डोळ्यांना दिसतो. टाइटहेडनं चांगलं काम केलं की स्क्रम जागचा हलत नाही. न हललेली गोष्ट कोण बघतो? म्हणून टाळ्या एक नंबरला आणि चुकीचा दोष तीन नंबरला, हे मला पटत नाही.

ज्याच्या घरी जोडी आहे त्याला हे समजावून सांगायला लागत नाही. डाव्या अंगाला शिकलेला बैल उजवीकडे जुंपून बघा. डवरणीत तास सोडतो, पऱ्हाटी तुडवतो. बैल तोच, जू तेच, ताकद तीच. शंकरपटातला कोणता धुरकरी असा बदल करेल?

२०१९ च्या विश्वचषकाचा योकोहामातला इंग्लंड-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना आठवा. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर सुरुवातीच्या काही मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर गेला. लूजहेडला उजवीकडे सरकवून भागलं नसतं, राखीव टाइटहेड डॅन कोललाच यावं लागलं, आणि जवळजवळ पूर्ण सामना त्यानं एकट्यानं ओढला. समोर बीस्ट. इंग्लंडचा स्क्रम मोडत गेला, आफ्रिकेला पेनल्ट्या मिळत गेल्या, त्यांच्या हांद्रे पोलार्डनं लाथेनं २२ गुण केले, निकाल आफ्रिकेच्या बाजूनं ३२-१२. लोकांना आफ्रिकेच्या मापिंपी आणि कोल्बे यांचे ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) आठवतात. थोडं जास्त जाणणारे बीस्टचं नाव घेतात. त्या दिवशी आफ्रिकेची उजवी बाजू धरून ठेवणाऱ्या फ्रान्स मालहर्बेचं नाव किती जण घेतात? २०१९ आणि २०२३, जिंकलेल्या दोन्ही अंतिम सामन्यांत सुरुवातीपासून तीन नंबर तोच होता.

नियमालाही हा फरक माहीत आहे. २३ जणांचा संघ असेल तर राखीव खेळाडूंत लूजहेड, हुकर आणि टाइटहेड, तिघांचेही बदली लागतात. शिकलेले गडी संपले तर पंच जोर न लावता स्क्रम करायला लावतो, कारण प्रश्न मानेचा असतो. डाव्या-उजव्या दोन्ही जागांवर तितक्याच जोरानं खेळलेले प्रॉपही आहेत, इंग्लंडकडून ११४ सामने खेळलेला जेसन लेनर्ड त्यातला. पण असे बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडची बहुतेक पोरं सात जणांची रग्बी खेळतात, तिथे तिघांविरुद्ध तिघे, मागून लोटणारं कोणी नाही, म्हणून अदलाबदल खपून जाते. माझ्या मते गैरसमजाचं मूळ तिथेच आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांद शेकतो. हळद-तूप लावून बैलाचा खांदा चोळतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. वर्षभर ओढलं कोणी, हे आपण विसरत नाही. रग्बीत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २००१ पासून दिला जातो. पहिला पुरस्कार कीथ वुड या हुकरला मिळाला. त्यानंतर २०२४ पर्यंत पुरुषांत एकाही प्रॉपला नाही, ना डाव्या ना उजव्या.

पाऊस पडून गेल्यावर आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर सराव संपला की मी पोरांची जर्सी बघतो. एक नंबरच्या उजव्या खांद्याची शिवण उसवलेली असते. तीन नंबरच्या दोन्ही खांद्यांची, आणि दोन्ही कान लाल. स्पर्धेच्या अर्जात दोघांच्या नावापुढे नुसतं 'प्रॉप' असं छापलेलं असतं. त्या रकान्यात मी पेनानं एकापुढे 'डावा' आणि दुसऱ्यापुढे 'उजवा' लिहितो, मगच अर्ज देतो.