बीव्हर शोधायला गेलात, तर आधी पाणी पाहा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ नॅपडेल नावाचं जंगल आहे. २००९च्या मे महिन्यात नॉर्वेतून आणलेली बीव्हरची, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यावर बांध घालणाऱ्या प्राण्याची, कुटुंबं प्रयोग म्हणून तिथल्या तळ्यांत सोडली. दाट फर, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला सुगंधी स्राव यांपायी ब्रिटनमधला बीव्हर सुमारे ४०० वर्षांपूर्वीच मारून संपवला होता.

तिथे गेल्यावर बीव्हर दिसेलच असं नाही. तो बाहेर पडतो तिन्हीसांजेला. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून तेव्हा संधी बरी. पण मिज नावाच्या चिमुकल्या माश्या चावून जीव नकोसा करतात. पाण्यावर तपकिरी डोकं सरकताना दिसलं तरी हुरळू नका, ते पाणमांजरही असू शकतं. पाणमांजर मासे खातं. बीव्हर पक्का शाकाहारी, उंदीर-खारींच्या गोतातला, पण वजनाने वीस किलोच्या घरात.

त्यापेक्षा खुणा शोधाव्यात. बीव्हरने कुरतडून शिसपेन्सिलीसारखे टोकदार केलेले बुंधे काठावर सहज सापडतात. त्याचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या आवरणात लोह असतं.

बांध मात्र जागोजागी दिसत नाहीत. घराचं दार पाण्याखाली राहावं, म्हणजे शिकारी आत शिरणार नाही, एवढ्यासाठी बांध. मुळात पाणी खोल असेल तर बीव्हर ती मेहनत घेतच नाही. डू लॉख या छोट्या तळ्यावर त्याने ती घेतली. पाणी चढलं, कडेचं रान बुडालं, झाडं उभ्या उभ्या वाळली. पाहताना नासधूसच वाटते. पण वाळक्या खोडांत किडे आणि बुरशी, उथळ पाण्यात बेडूक आणि चतुर, अशी नवी वस्ती होते. कापलेल्या विलोच्या झाडाला बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात.

नॅपडेलची परीक्षा तशी सोपी होती. तिथे बुडायला शेतीच फारशी नाही. खरी कसोटी पूर्वेला, टे नदीच्या खोऱ्यात. तिथले बीव्हर कुठल्याही सरकारी योजनेतून आलेले नाहीत. बंदिवासातून सुटलेल्या किंवा गुपचूप सोडलेल्या प्राण्यांची ती पिलावळ. सपाट शेतातल्या चरावर बांध पडला की पाणी पिकात शिरतं. २०१९मध्ये स्कॉटलंडने बीव्हरला कायद्याचं संरक्षण दिलं, तरी शेती वाचवण्यासाठी त्यांना मारायचे परवानेही दिले गेले.

मधला मार्ग म्हणजे बांधातून आरपार नळ टाकून पाण्याची पातळी उतरवणं. बीव्हर पाण्याच्या आवाजावरून गळती हुडकतो आणि बुजवतो. म्हणून नळाचं आत घेणारं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात.